मांडी

ओसाकाहून निघालेलं खोकं
एकोणीस दिवसांनी सिडकोत पोचलं.
खैरनार पोस्टमननं कानाशी हलवून पाहिलं,
"वाजत नाही काही. औषध आहे का?"
बाहुला आहे, म्हटलं.
"मुलीला?"
मला.

आत वीतभर उंचीचा योद्धा,
आणि त्याच्याबरोबर नऊ जोड हात:
मुठी, तलवार धरायचे, बोट रोखणारे,
पंजा फाकून थांब म्हणणारे,
कप धरायचासुद्धा एक.
तंबाखू मळायचा हात कंपनी देत नाही.
ते काम माझं.

दिवसा मी शरणपूर रोडला कवळ्या करतो.
हिरड्यांचा गुलाबी मला
दहा छटांत पाठ आहे.
रात्री जेवणं उरकली की
त्याच ॲक्रिलिकनं, त्याच बारीक कानशीनं
कुणाचं नाक बसकं करतो,
कुणाला थोडं पोट आणतो,
चिलखत उतरवून बंडी घालतो.
हेमलता झोपेतूनच वासावरून विचारते,
"आज कुणाला कापलंस?"

शेल्फवर एकतीस जण आहेत.
उडणारे, लाथ मारणारे, एका टाचेवर तोललेले.
पुस्तिकेत बाण काढून दाखवलंय सगळं,
मान कुठवर, कंबर कुठवर,
गुडघ्याला दोन सांधे, टाच पोटरीच्याही वर भिडते.
गुडघे टेकून शिस्तीत बसतात,
त्यांच्याकडे बसतात तसे.
मांडी एकालाही येत नाही.

इतक्या सांध्यांचा माणूस
आणि त्याला पाटावर बसता येऊ नये?

म्हणून याला घेतला.
गरम पाण्यात कमरेपर्यंत बुडवला,
खुबे मऊ झाले, पाय अलगद निघाले,
आणि त्यातली खिट्टी टण्णकन उडून
फ्रिजखाली.
मग बॅटरी, खराट्याचा हीर, फरशीवर पालथा मी.
सापडली.
खोबण अर्धा मिलिमीटर तासली.
आणखी अर्धा.
मग हात चुकला.

इरफान तांबोळीला फोन केला.
भद्रकालीत त्याचं सायकलचं दुकान,
घरी माझ्या दुप्पट मंडळी, सगळी सीलबंद.
म्हणाला, "माती केलीस. आता विकायला गेलास तर
रिकाम्या खोक्याचेच पैसे येतील."
आणि तासाभरानं स्वतःच आला,
स्पोकचा एक तुकडा घेऊन.
"हा घाल आत. याच्यावर नव्वद किलोचा माणूस चालतो."

रंगाला पाच रात्री गेल्या.
केस कमी केले, कानशिलं पिकवली.
डाव्या तळव्यात उजवा अंगठा,
अंगठ्याशी चुन्याचा ठिपका,
एका केसाच्या ब्रशनं,
श्वास धरून.

बसला.
डावा गुडघा ज्वारीच्या दाण्याइतका वर राहिला,
पण बसला.
आता तो उभा राहत नाही. उडत नाही.
शेल्फवर त्या सगळ्या उगारलेल्या तलवारींखाली
एकटाच, टेकून.

दादा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले, त्याला अकरा वर्षं झाली.
गुडघे बदलल्यापासून खुर्चीत जेवतात.
मांडीला डॉक्टरांची कायमची बंदी.
सकाळी पेपर घ्यायला आले आणि थांबले.
चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून
त्याला उजेडात धरलं,
मागून पाहिला, पुढून पाहिला,
डावा गुडघा बोटानं हलकेच दाबला.
मी काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणाले, "ताट कुठंय?
जेवल्याशिवाय मी तंबाखू खातो का कधी?"

आणि पेपर घेऊन गेले.

शिवणाच्या डब्यात शोधतोय.
शर्टाचं बटण चालेल,
मापाला बरोबर आहे, काठही आहे.
चार भोकं तेवढी बुजवावी लागतील.