साडेतीन बाय चार

आई दारातच थांबली, टॉवेल खांद्यावर.
म्हणाली, पाणी तुंबलंय का गं?
पाणी नव्हतं. सकाळपासून कुणी नळही सोडला नव्हता.
निळी भिंत खाली येत येत
निळ्या फरशीत कुठे शिरते
ते तिला दिसेनासं झालं होतं.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. उरलंय ते सांभाळा.
कडा दिसली पाहिजे. रंग तोडा.

हा रंग तिनेच आणलेला.
त्र्याण्णव साली भिशीचा नंबर लागला तेव्हा
बाबा फ्रिज म्हणत होते,
आणि ही भांडुपला जाऊन
आठ बाय सहाच्या दोनशे दहा टाइल्स घेऊन आली,
टेम्पोत मागे स्वतः बसून,
पेंढ्यातली अंडी सांभाळावी तशी.
परळच्या खोलीत मोरीला पडदा होता, भिंत नव्हती.
तेरा वर्षं तिने पातळ नेसूनच आंघोळ केली.
अशा बाईला चार भिंती मिळाल्या
तर ती पांढऱ्या कशाला ठेवील?

कन्नमवार नगरात तेव्हा सगळ्यांकडे पांढऱ्याच.
बिल्डिंगमधल्या बायका बघायला आल्या, चपला काढून.
तांडेलबाई म्हणाल्या, अगदी नीळ घातल्यासारखं!
आई म्हणाली, नीळ कपड्यांना. हा रंग आहे.

दुकानातला पोरगा मला ग्रे दाखवत होता.
मॅडम, हल्ली सगळे हाच घेतात, काही दिसत नाही यावर.
मी म्हटलं, आम्हाला दिसायलाच हवंय.

घरी येऊन भीत भीत सांगितलं,
सगळंच काढू, आई. क्रीम लावू, उजेड वाढेल.
ती मेथी निवडत होती, बोटांनी, न बघता.
फरशी तुझी, म्हणाली.
भिंतीला हात लावायचा नाही.

मग रामसजीवन मिस्त्री आला, छिन्नी घेऊन.
खालच्या पागधरेकाकांनी तीन दिवस
पंख्याची पाती पुसली आणि वर बघून टोमणे मारले.
तीन दिवस आम्ही समोरच्या ब्लॉकमध्ये आंघोळीला.
गोण्या भरभरून निळं खाली गेलं, जिन्यावर चुरा सांडत.
त्यातले सात तुकडे आईने धुतले
आणि तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत ठेवले.
कुणी विचारलं नाही.

आधाराचा दांडा बसवताना
भिंतीतली एकच टाइल फुटली, तिच्या कोपराच्या उंचीवर.
तो निळा आता कुठेच मिळत नाही.
मिस्त्रीने पांढरं सिमेंट कालवलं,
माझ्याकडून नीळ मागून घेतली, दोन थेंब,
बघितलं, मग तिसरा.
वाळल्यावर वेगळाच दिसतो तो चौकोन.
आईला दिसत नाही. बोटांना कळतो.
दांडा सोडून तिथेच हात टेकते.

खाली आता गेरूचा लाल, खरखरीत.
निळा संपतो तिथे लाल सुरू होतो,
एवढंच.

पहिल्या दिवशी आत गेली ती
अंगठा पुढे करून, ओहोळात उतरावं तशी.
मग अख्खं पाऊल. मग दुसरं.
कडी लावू नकोस हं, मी म्हटलं.
कडीचा आवाज आला.

मी बाहेर, ओट्याला टेकून.
बराच वेळ काहीच नाही.
मग आतून, अगं, मग कुठेय?

निळा मग. निळ्या भिंतीला, खुंटीवर.
तो कुणीच धरला नव्हता हिशोबात.
उजवीकडे, जरा वर, मी ओरडले. उद्या लाल आणते!

चाचपडल्याचा आवाज. खुंटी हलल्याचा.
आणि पाणी.
नेसत्या पातळावर पडलेलं पाणी जड वाजतं,
लहानपणी पडद्याच्या अलीकडून रोज ऐकलंय मी.
हे तसं वाजलं नाही.

लाल नको, आतून म्हणाली, खाली पडला तर सापडायचा नाही.
पिवळा आण.