भरलेली / रिकामी

आचारसंहिता लागली की आमच्या ठाण्यात
बंदुका येतात, लग्नाला आल्यासारख्या नटून.
कुणी गोधडीत गुंडाळलेली, कुणी सायकलच्या दांडीला बांधलेली,
केरबा सुतारांची तर सतारीच्या खोळीत.
मी कमानीखाली टेबल मांडते.
रजिस्टर, सुतळी, पुठ्ठ्याचे बिल्ले,
आणि शेजारी स्टुलावर दस्तगीर शिकलगार.
चाचा सरकारी नोकर नाहीत,
पण त्यांनी नळीत डोकावल्याशिवाय
साहेब पोचपावतीवर सही करत नाहीत.

रांग हलत नाही, म्हणून वाद.
घाटगे म्हणतात, बाराबोर ती बाराबोर.
मोडली, काडतूस सारलं, मिटली.
"मिटताना जो आवाज येतोय न्हवं,
तसा तिजोरीलाबी नाही."
केरबा थुंकायला उठतात, थुंकून येतात.
"हॅ! बंदूक म्हणजे ठासणीची.
दारू मोजा, चिंधी कोंबा, छर्रा घाला, गजानं ठासा,
कानावर केप बसवा.
एक बार भरायला एक विडी जायची.
तेवढ्यात माणसाचा राग उतरायचा
आणि डुक्कर पन्हाळ्याला पोचायचं."
मागून कुणीतरी पणजोबा काढले:
त्यांची तोड्याची होती, जामगी भिजली
की पुढचे चार महिने नुसतं लांब मुसळ.
मग चकमक आली, म्हणे, तिची ठिणगी
भुवया खायची.

"चाचा, तुमची आवडती कुठली?"
त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली.
पुडीत एक स्क्रू. बोटाच्या पेराएवढा.
"ही."
"अहो, बंदूक विचारली."
"तेच सांगतोय. याचा आटा कानशीनं पाडलाय,
कारागिरानं, डोळ्याच्या अंदाजानं.
आता उद्यमनगरात एका पाळीत हजार पडतात,
कुठलाबी कुठंबी बसतो.
बरंच झालं, माझ्या पोराचं पोट त्यावरच हाय.
पण हा एकाच बंदुकीचा.
ती कुठं गेली ठाऊक नाही.
चाळीस वर्षं झाली, येईल तिला लावून बघतोय."

दुपारी दीडला बाबगोंडा मगदूम आले.
मूळचे शिरोळकडचे, आता मुलीकडे मंगळवार पेठेत.
एकनळी. वडिलांच्या नावावरून यांच्या नावावर आलेली,
दस्त्यावर कुणाचं तरी घामट बोट अजून उमटलेलं.
"वाजवली कधी?"
"नाही बाई. आमच्यात चालत नाही."
"मग ठेवली कशाला?"
ते बराच वेळ विचार करत राहिले.
"दर खेपेला परवान्याची तारीख येते,
मी जातो, फी भरतो."

चाचांनी नळी मोडली. काडतूस नव्हतं.
आकाशाकडे धरली. पलीकडून उजेड आला नाही.
रांग गप्प झाली, घाटगे दोन पावलं मागं.
चाचांनी नळीच्या तोंडात करंगळी घातली,
नखात तांबडी माती.
"कुंभारीण माशी," ते म्हणाले. "घर बांधलंय. आत पोरं असतील."
गज त्यांच्या हातातच होता.
मगदूम हळूच म्हणाले,
"निकाल लागंपर्यंत राहू दे की."
चाचांनी गज भिंतीला टेकवला.
मग सवयीनं स्क्रू काढला, घोड्याजवळच्या भोकाला लावला,
अर्धा वेढा फिरला,
अडकला. परत पुडीत.

रजिस्टरात एक रकाना आहे:
भरलेली / रिकामी. नको ते खोडा.
मी पेन झटकलं
आणि 'रिकामी' खोडलं.

संध्याकाळी साहेब खुर्चीतून उडालेच.
"भरलेली? ठाण्यात? कुठाय?"
मी कोठडीचं दार उघडून दाखवली:
सगळ्यांपासून वेगळी, बिल्ला क्रमांक एकसष्ट,
तोंड खिडकीकडे,
आणि खिडकीची एक फळी
मी मुद्दाम उघडी ठेवलेली.