दोन वर्षांची

कोरगावात, काजूच्या भट्टीमागच्या खोलीत
शाबीमामाने एक शर्यत टांगून ठेवलीय.
चौकट सागाची, काचेआड वाळवीची रेघ,
हिरव्या गवतावर तांबूस शिंगरू, मान घामेजलेली,
आणि लगामापाशी एक हात.
फोटो मनगटाशी कापलाय.
"तो मी," मामा म्हणतो.

गिऱ्हाईक नसलं की इतिहास सांगतो.
सुरुवात राजाराणीपासून नाही, गवतापासून:
सहा फर्लांग, सरळ, वळण नाही,
शेवटी उतार आणि लगेच चढ,
तिथे कोवळे गुडघे खरं बोलतात.
दोन उमरावांची जेवणानंतरची पैज,
मग छापील पत्रक, मग चषक.
एका लढाईत मैदानात बटाटे लावले,
दुसरीत विमानं उतरली;
शर्यत परगावी बिऱ्हाडाला गेली
आणि परत आली, एक फर्लांग हरवून.
नाव आधी कुणा ड्यूकचं, मग दारूवाल्याचं,
मग बँकेचं, आता घड्याळाच्या कंपनीचं.
"लग्न झालेल्या पोरीसारखं," मामा म्हणतो.
मामी भट्टीत लाकूड सरकवते, जरा जोरात.

नियम मात्र तोच.
दोन वर्षांचं असेल त्यानेच धावायचं.
म्हणजे आयुष्यात एकदा.
एक जानेवारीला तिथली सगळी शिंगरं वर्षाने वाढतात,
मार्चातलं, मेमधलं, सगळी,
रात्री बाराला, उभ्या उभ्या झोपेत.

हे कळलं तेव्हा मामा त्या देशात पहिल्यांदा हसला.
त्याची आई बाळंतपणाला सातार्ड्याला गेलेली,
पोर्तुगिजांच्या वहीत तो नाही.
शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलं: एक जून.
त्या बाकावरचे चौघेही एक जूनचे.

शिंगराचं कागदावरचं नाव लांबलचक,
मामा त्याला बाबू म्हणायचा,
पहाटे त्याच्या नाकपुड्यांवर बोटं शेकायचा.
बाबू एका नाकाने हुकला.
नाक म्हणजे किती, मी विचारलं.
मामाने चिमटीत काजूची बी धरली.
"इतकं."

तिथे भिंतीवर लाकडी फळा आहे,
सालामागून साल, सोनेरी अक्षरांत एकेक नाव.
दुसऱ्या नंबरासाठी
रंगाचा डबा उघडत नाहीत.

गेल्या आश्विनात, दिवेलागणीला,
मी मोबाइलवर ती शर्यत लावून दिली.
आवाज वाढवला, तो म्हणाला, नको.
एक मिनिट, बारा सेकंद.
जिंकलं कोण ते त्याने पाहिलंच नाही,
तो कठड्याच्या कडेला शोधत होता
चादर घेऊन धावत येणारी माणसं.
एक दिसला, पाठमोरा, सावळा,
आणि कॅमेरा चषकाकडे वळला.

मामाने उजवा हात लुंगीला पुसला,
थंड पडलेल्या भट्टीपाशी गेला
आणि भांड्यावरचं कोळिष्टक काढत बसला,
हळू, वरून खाली,
केसांच्या दिशेने.