खोलीचं माप

जळगावच्या दुकानात पोरगा विचारतो,
मावशी, खोली केवढी?
मी सांगते, दोन खाटा, एक कपाट, माझी शिलाई मशीन,
आणि मधे पाय टाकायला जागा.
तो म्हणतो, तसं नाही,
स्क्वेअर फूट.

टेप पर्समध्येच होती,
पण खोली धरणगावला.

मग त्यानं काचेच्या पेटीत उदबत्ती पेटवली.
पेटी पांढरी झाली, आकडा चढला तीनशे बारावर.
बटण दाबलं.
धूर कोपऱ्याकोपऱ्यातून ओढला गेला,
आकडा उतरत उतरत नऊ.
बघा, म्हणाला.
मी बघितलं ह्यांच्याकडे.
हे उदबत्तीचा वास शोधत होते.

डॉक्टरांनी सांगितलंय, घरातली हवा स्वच्छ ठेवा.
जणू हवा म्हणजे पितळी तांब्या,
रोज राखेनं घासून पालथा घालायचा.
सव्वीस वर्षं जिनिंगमध्ये
कापसाची प्रत ठरवली ह्यांनी.
चिमटीत बोंड धरून धागा ओढायचा,
उजेडाकडे करायचा, आणि भाव सांगायचा.
मिल समोरच. पहाटेपासून भोंगा,
आणि दोरीवरच्या काळ्या साडीवर
दुपारपर्यंत पांढरी लव.
चपात्या लाटताना मी श्वास रोखायची
इतकी सवय, की आता
तांदूळ निवडतानाही रोखते.

घरी येऊन खोली मोजली.
दहा बाय साडेअकरा.
टेप हातात होतीच म्हणून ह्यांना म्हटलं,
उभे राहा, सदऱ्याचं माप घेते.
श्वास सोडा. साडेपस्तीस.
घ्या आता, भरून घ्या.
छत्तीसला टेप टेकली.
लग्नातल्या सदऱ्याच्या वेळी
ह्याच टेपवर, नाही, ती टेप वेगळी होती,
अडीच इंचाचा फरक होता.
मी वहीत फक्त छत्तीस लिहिलं
आणि शिलाईत माया जास्त सोडली.

दुसऱ्या खेपेला घेऊनच आलो.
महागातला नाही, त्याच्या खालचा.
महागातला मोबाइलवर बोलतो म्हणे,
आम्हाला कुणाशी बोलायचं होतं?
अट एकच, पोरानं दोनदा बजावलं,
दारं-खिडक्या बंद.

आमच्या गल्लीत दार बंद म्हणजे
एक तर मयत, नाही तर मुंबईचा पाहुणा.
तिसऱ्या दिवशी सुपडाबाईनं कडी वाजवली.
"काय वं बैन, दार काबर लाई लिधं?
भांडन व्हयनं का?"
आत आली, यंत्रासमोर बसली,
पदरानं वारा घेत म्हणाली,
थंड तं काहीच लागत नही.
दार उघडं राहिलं.
आकडा चढला. तिनं चहा घेतला.

पुढे मार्गशीर्षात
हिरवी वांगी आली बामणोदची, पोतंभर,
आणि मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर
भरीत भाजायला बसले सगळे.
धूर घरभर.
यंत्र लालेलाल, घरघर, घरघर,
जसं काही त्यालाच दम लागलाय.
त्याला कसं सांगायचं
हा धूर कोणता आणि तो कोणता?
हे उठले, आणि मला वाटलं वायर काढतील.
नाही काढली. पंचा टाकला त्याच्यावर,
नजर लागू नये म्हणून झाकतात तसा,
आणि परत येऊन वांगं उलटं केलं.
खोकले.
कळण्याची भाकरी मोडली.

संक्रांतीनंतर दिवा लागला, फिल्टर साफ करा.
मी झाकण काढलं.
आत राखाडी गादी बसलेली, एकसारखी,
कुणी पिंजून भरावी तशी.
झाडू आणायला गेले,
परत येते तर हे जमिनीवर बसलेले,
गादीतली चिमूट उजेडाकडे धरून,
दोन्ही हातांच्या बोटांनी धागा ओढत.
चष्मा कपाळावर.
कितीतरी वेळ बघत होते.

"आखूड शे," म्हणाले.
"गाठमा चालाव नही."

मी सुपली पुढे केली.