शेक

पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती
तेव्हा डाग दिसला.
मी पेटीतल्या जुन्या चिंध्या पुन्हा काढल्या
आणि कोणालाच बोलली नाही.
होळी गेली, पोळा आला.
मग आशाताईला सांगितलं,
तेही हापशीवर, तिच्याकडे पाठ करून.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईनं कागदावर पिशवी काढली,
म्हणाली, आतल्या अस्तराला लागलंय.
अस्तर मला समजते.
मी गावाची पोलकी शिवते.
अस्तर नासलं तर उसवावंच लागते.

पिशवी काढली.
आत एखादा धागा राहिला असेल, त्यासाठी
नागपूरले पंचवीस शेक.

शेक म्हटलं आणि मले हसूच आलं.
तीन बाळंतपणं झाली माझी,
बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा,
सासू म्हणे, सोस, पिशवी जागेवर येते.
या शेकाला धूर नाही, वास नाही.
मशीन कमरेभोवती फिरते
आणि थंड खोलीत मी एकटी.

तीन ठिपके टोचले, दोन कुशीवर, एक बेंबीखाली.
हातावरचं गोंदण सारं गाव पाहते,
हे फक्त मशीनले दिसते.

रोज पाणी पिऊन, लघवी दाबून
बाकावर आम्ही चौघी.
काटोलची निलोफर आपा मशीनची नक्कल करे
आणि हसायची तर चोरी!
एका सोमवारी तिची जागा रिकामी होती.
कोणी विचारलं नाही.

सोळाव्या शेकानंतर पोट बिघडलं.
भाकर बंद, ताकभात.
जिना चढताना वाटे, कोणी पाय मागे ओढते.

सुनेचा फोन आला,
आत्या, लोक म्हणतात ती लाइट अंगात राहते,
बाळाला काही दिवस...
पुढचं ती बोलली नाही.
मशीनवरच्या पोराला विचारलं.
तो म्हणे, मावशी, कंदील विझवला
तर भिंत उजेड धरून ठेवते का?

आता दर तीन महिन्यांनी तपासणी.
बरी झाली का, विचारलं
तर डॉक्टरीणबाई म्हणते, येत राहा.

पोलक्याचं माप घ्यायला बाई येते.
दार लोटून, टेप छातीला लावून
मी हळूच विचारते,
पाळी गेल्यावर डाग तर नाही ना दिसत?
कोणी रागावते.
कुंदा परवा गप्पच राहिली.
तिला आशाताईकडे घेऊन गेली.

रात्री लाइट गेली.
नातू मांडीवर मुतून तसाच झोपला.
मी अंधारात भिंतीकडे पाहत बसली,
बराच वेळ.