डबा क्रमांक सात

स्वेनबोर्गच्या बंदरावर, टॉर्किलच्या दुकानात
गुरुवारी चौघे जमतात. बाहेर उणे चार.
नवा डबा फुटतो: मनुका, रम, चिमूटभर व्हॅनिला.

प्रेबेन म्हणतो, डब्यात लग्नघर, पाइपात सुतक.
हेनिंगची जीभ पोळलीय, तरी तिसऱ्यांदा भरतो,
अंगठ्यानं दाबतो, ओला आहे म्हणून कुरकुरतो.
विझतो. पुन्हा काडी.
एस्किल गप्प. त्याचं नाक
बोटीवरच्या इंजिनघरात कधीचं गेलं.
तो धूर नुसता बघतो:
किती दाट, दिव्याखाली किती वेळ रेंगाळतो,
आणि वहीत लिहितो, 'बरा'.

तेवढ्यात दार ढकलून बोडिल,
पावाची पिशवी छातीशी. जन्मात कधी ओढली नाही.
उंबऱ्यातच थबकते.
"आमच्या आत्याच्या कपाटात सफरचंदं असायची,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
डिसेंबरात एखादं आतून नासायला लागलं
की अस्सा वास यायचा."

नासकं सफरचंद!
हेनिंग हुंगतो. परत हुंगतो.
स्वतःच्याच मिशीतला धूर
त्याला काही सापडत नाही.

एस्किल 'बरा' खोडतो,
पेन तिच्यापुढे धरतो.

"आधी दार लाव गं," टॉर्किल ओरडतो,
"सगळा वास चालला समुद्रात."