बिननाड्यांचे बूट

पहिल्या वर्षी लोरेटा व्हानेक
प्लॅस्टिकच्या कण्यावर बोट ठेवून
सगळं नीट समजावून सांगायची:
चौथा मणका, पाचवा मणका, मधली चकती.
माणसं माना डोलवायची
आणि परत फिरकायची नाहीत.
नेब्रास्काचा वारा तेवढा दार ढकलून बघायचा.

मग एमिल ह्रुश्का आला, धान्यकोठारावरचा,
पालथा पडला टेबलावर.
तिचे हात गार होते, म्हणून
ऊब येईस्तोवर चोळत तिनं विचारलं,
"बुटांना नाड्या नाहीत?"

टेबलाच्या भोकातून तो जमिनीशी बोलला:
"ल्युडमिला बांधायची."

पाठ आपणहून सैलावली थोडी.
कटकन आवाज नंतर झाला.

पुढच्या मंगळवारी त्यानं मेहुण्याला आणलं,
मेहुण्यानं चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला.
आता वही भरलेली असते.
भर जुलैतही
ती हात चोळत थांबते जरा,
गरम असले तरी.